जुन्नरची जुनी खतावणी



सन १९८९ मध्ये बँकेने माझी बदली जुन्नरला केली, तेव्हा मला ती शिक्षाच वाटली होती. तीन वर्षे तेथे काढली. पेठेतील एका धान्यव्यापाऱ्याच्या माडीवर भाड्याने राहिलो, दिवसभर मुदत ठेवींच्या पावत्यांवर सह्या केल्या, आणि शनिवारी दुपारी पुण्याची एसटी गाठली. शिवनेरी एकदा पाहिला, लेण्याद्रीच्या गणपतीला पाहुण्यांबरोबर दोनदा गेलो. बाकी गावात पाहण्यासारखे काही नाही, असा माझा ठाम निष्कर्ष होता. तो किती उथळ होता, हे कळायला निवृत्ती यावी लागली.

आज जुन्नर म्हटले की शहरातील माणसाला बिबट्याची बातमी आठवते. पण हे गाव एकदा नव्हे, अनेकदा राजधानी होते. क्षत्रप राजा नहपान याची राजधानी येथेच असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्याचा अमात्य अयम याने दिलेल्या दानाचा, ४६ या वर्षाचा शिलालेख मानमोडीच्या डोंगरात आहे. पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी सत्ता झुगारून निजामशाही स्थापली ती जुन्नरलाच. अहमदनगर हे नंतरचे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरनेही काही काळ येथूनच कारभार पाहिला. आणि १६३० मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

मात्र व्यापारी कुळातील वाचकांना राजांपेक्षा अधिक जवळचे वाटेल असे येथे दुसरेच काही आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक शैलगृहे आहेत, आणि ती बव्हंशी उभी राहिली सामान्य गृहस्थांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पैशावर. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोने-नाण्यांचा व्यवहार पाहणाऱ्याच्या, सुलसदत्त नावाच्या पुत्राने दिले. काही दाने यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्यांची आहेत. एक लेख सांगतो की, धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दिले. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातील लोकांचा संघ.

मला सर्वांत थक्क केले ते आणखी एका लेखाने. त्यात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीची व तिच्या मासिक उत्पन्नाची नोंद आहे. ही पद्धत कशी चाले, ते नाशिकच्या लेण्यांतील नहपानाच्या जावयाच्या, उषवदाताच्या लेखावरून स्पष्ट होते. त्याने ३००० कार्षापणे विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण व्याज ठरले. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. त्याला ‘अक्षयनीवी’ म्हणत. म्हणजे वर्षाला बारा आणि नऊ टक्के! मी ज्या गावात मुदत ठेवींच्या पावत्या फाडत होतो, तेथील दगडावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ठेव नोंदलेली होती, आणि मी शनिवारची एसटी पकडत होतो.

हा पैसा आला कोठून, याचे उत्तर नाणेघाटात मिळते. जुन्नरहून सुमारे तीस किलोमीटरवर, घाटघरच्या पुढे, कोकण आणि देश यांना जोडणारी ही वाट सातवाहनांनी राखली. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल येथूनच वर चढे. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते. शेजारच्या गुहेत राणी नागनिकेचा लेख आहे. त्यातील यज्ञदक्षिणेचे आकडे हा आपल्या अंकलेखनाचा फार जुना पुरावा मानला जातो.

जैन वाचकांनी मानमोडीवरील अंबा-अंबिका लेणी अवश्य पाहावीत. मूळ लेणी बौद्ध. नंतरच्या काळात तेथे जैन मूर्ती कोरल्या गेल्या. अंबिका ही नेमिनाथ भगवंतांची यक्षी, हे आपण जाणतोच. मूर्ती झिजल्या आहेत, पण आपले कोणीतरी येथे नांदले होते, याची ती खूण आहे.

गेल्या माघात मी पुन्हा गेलो, तेव्हा जुन्या घरमालकांचे दुकान बंद होते. पुण्यात स्थायिक झालेला त्यांचा नातू दुकान विकायच्या तयारीने आला होता. “काका, जुन्नरमध्ये आता आहे तरी काय?” त्याने विचारले. हेच वाक्य मी १९८९ मध्ये त्याच्या आजोबांना ऐकवले होते. तेव्हा ते फक्त हसले होते. मी त्याला धान्यव्यापाऱ्यांच्या त्या लेखाविषयी सांगितले. तो काही वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “हे आजोबांना माहीत होते का?” मला उत्तर देता आले नाही, मी त्यांना कधी काही विचारलेच नव्हते. दुकान तो बहुधा विकेल, आणि त्यात गैर काही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलाला घेऊन लेण्याद्रीच्या पायऱ्या चढला.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे सुटीत दूरदेशीच्या राजधान्या पाहतात, जरूर पाहावीत. परंतु मंचर-नारायणगाव मार्गे, पुण्याहून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या या राजधानीला दोन दिवस द्यावेत. पहिला दिवस लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा लेण्यांतील बारा खांबांच्या वर्तुळाकार चैत्यगृहाचा, दुसरा नाणेघाटाचा. पाणी सोबत ठेवावे, पावसाळ्यात निसरड्यापासून जपावे, आणि सूर्यास्तापूर्वी गावात परतावे. चौविहारही सांभाळला जातो.

घरातील वडीलधारे सोबत असतील, तर वाटेत त्यांना त्यांच्या जुन्या पेढीविषयी विचारावे. दगडावरचा हिशेब दोन हजार वर्षे टिकतो. माणसांच्या मनातला तेवढा टिकत नाही.