विश्लेषण : अ‍ॅपमध्येच उघडणारी लिंक कुणाच्या नजरेखाली?

इन्स्टाग्रामवर साडीच्या जाहिरातीवर बोट ठेवले की दुकानाचे संकेतस्थळ उघडते. मात्र ते फोनमधील क्रोम वा सफारीत नव्हे, तर त्या अ‍ॅपच्याच आत. घरचा पत्ता, पासवर्ड, कार्ड क्रमांक ग्राहक तिथेच टाकतो. हे कितपत सुरक्षित?

हे पान दिसते कसे?

अ‍ॅपमध्ये वेब पान दाखवण्यासाठी अँड्रॉइडवर ‘वेबव्ह्यू’ आणि आयफोनवर ‘डब्ल्यूके वेबव्ह्यू’ हा घटक असतो. अ‍ॅपच्या चौकटीत बसवलेला हा छोटा ब्राउझरच. कंपनीला स्वत:चे मदतीचे पान किंवा नियम-अटी दाखवायच्या असतील, तर ही सोय उत्तम. सर्व्हरवर मजकूर बदलला की काम झाले. अ‍ॅपची नवी आवृत्ती काढावी लागत नाही.

मग धोका कुठे?

वेबव्ह्यूवर नियंत्रण अ‍ॅपचे असते. उघडलेल्या पानात अ‍ॅप स्वत:चा जावास्क्रिप्ट कोड घालू शकते. त्यातून वापरकर्त्याने काय टाइप केले, कुठे बोट ठेवले, हे टिपणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. ‘एचटीटीपीएस’ माहितीला वाटेतल्या चोरापासून वाचवते, पान दाखवणाऱ्या अ‍ॅपपासून नाही.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकची आयफोनवरील अ‍ॅप बाहेरच्या पानांत असा कोड घालतात, हे संशोधक फेलिक्स क्राउझ यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवून दिले. टिकटॉकच्या कोडमध्ये तर प्रत्येक कळ टिपण्याची क्षमता आढळली. वापरकर्त्याने ट्रॅकिंगबाबत केलेली निवड पाळण्यासाठी हा कोड असल्याचे मेटाने, तर दोष शोधण्यासाठी असल्याचे टिकटॉकने सांगितले. माहिती चोरल्याचा दावा क्राउझ यांनीही केला नव्हता. पण प्रश्न हेतूचा नाही, क्षमतेचा आहे.

पर्याय आहे का?

आहे, तोही २०१५ पासून. गुगलचे ‘कस्टम टॅब’ आणि अ‍ॅपलचे ‘सफारी व्ह्यू कंट्रोलर’ यांत पान अ‍ॅपमध्येच उघडल्यासारखे दिसते; पण ते चालवतो खरा ब्राउझर. अ‍ॅपला आतला मजकूर वाचता येत नाही. गुगलने तर २०१७ मध्ये वेबव्ह्यूमधून होणारे गुगल खात्याचे लॉगइन रोखायला सुरुवात केली.

मग अडते कुठे?

ग्राहक अ‍ॅपबाहेर गेला की परत येईलच याची खात्री नसते. शिवाय त्याने पुढे काय पाहिले, काय घेतले, याला जाहिरातीच्या बाजारात मोल आहे. त्यामुळे नियम सोपा हवा : आपले पान वेबव्ह्यूत, दुसऱ्याचे पान ब्राउझरमध्ये. तो अ‍ॅप स्टोअरच्या अटींतच यायला हवा.

तोवर वापरकर्त्याने एवढे तरी करावे : पासवर्ड वा कार्ड क्रमांक टाकण्याआधी कोपऱ्यातील तीन टिंबांवर बोट ठेवून ‘ब्राउझरमध्ये उघडा’ हा पर्याय निवडावा. मात्र ही जबाबदारी कायमची त्याच्यावर टाकणे म्हणजे दार उघडे ठेवून घरमालकालाच जागे राहायला सांगण्यासारखे आहे.