एका नावाची दोन पाने

गेल्या आषाढात माझ्या संगणकावर ‘पऱ्हे’ या एकाच नावाची दोन पाने निघाली. आठवड्याने ती चार झाली. पऱ्हे म्हणजे रोवणीआधीची धानाची कोवळी रोपे; खिंडसीकडच्या बांध्या पाहिलेल्यांना हे सांगायला नको, पण आपल्या महाविद्यालयात शहरातूनही विद्यार्थी येतात, म्हणून सांगितले. बांधीत पऱ्हे वाढले तर कोणालाही आनंदच होईल. संगणकात वाढू लागले तेव्हा मात्र माझी झोप उडाली.

मी टिपणे ठेवतो ती विकी पद्धतीच्या वहीत. पहिली विकी वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थाने १९९५ साली सुरू केली; हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. २००३ च्या महाराष्ट्रदिनी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा त्याच कुळातला. तिथे हजारो हात लिहितात, माझ्या वहीत मी एकटाच. प्रत्येक शब्दाला एक पान, एका पानावरून दुसऱ्यावर जायला दुवे. धुरा, बांधी, आवत्या, रोवणी असे आजीच्या तोंडचे शब्द मी त्यात साठवत आलो. काही घरी संगणकावर, काही शेतात मोबाइलवर. “लिवून काय होते रे पोट्ट्या, बांधीत उतरून पाय,” असे ती म्हणे, आणि तरी सांगत राही. आता ती नाही. म्हणूनच एका पानाची चार पाने झालेली पाहून खरे कोणते, हा प्रश्न मला निव्वळ तांत्रिक वाटला नाही.

दोष निघाला तो ‘ऱ्ह’ मधल्या आडव्या र चा. आपल्या डोळ्यांना हा र एकच दिसतो, संगणकाला मात्र तो तीन तऱ्हांनी लिहिता येतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र चीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर उमटते. हेच अक्षर र आणि त्याखालचा नुक्ता असे फोडूनही साठवता येते. तिसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. काही मोबाइलचे कळफलक ही तिसरी वाट धरतात.

माझ्या वहीचा कार्यक्रम जुन्या आवृत्तीचा होता. तो नावे ताडून पाही ती निव्वळ सांकेतिक अंकांवरून. मी लिहिले अखंड ‘ऱ’, यंत्राने नाव साठवताना त्याची फोड केली, आणि सकाळी कार्यक्रम उघडला की त्याला आपलेच पान ओळखू येईना. गावाला गेलेला मुलगा मिशी काढून परत यावा आणि घरच्यांनी पाहुणा समजून त्याच्यासाठी वेगळे ताट मांडावे, तसे झाले. कार्यक्रम नवी फाइल लिही. नाव आधीच आहे असे यंत्राने सांगितले की पुढे आकडा जोडी. पुन्हा सकाळ, पुन्हा एक ताट.

यावर स्नेह्यांचा सल्ला एकमुखी होता : “सर, फाइलींची नावे इंग्रजीत ठेवा, भानगडच नको.” या सल्ल्याला माझा विरोध आहे. ‘आचार्यांना जेवायला बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला बोलवा’ यांतला फरक रोमन लिपीत लिहून दाखवा, मग बोलू. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात देवनागरी होतीच. अखंड ऱ आणि नुक्त्याने फोडलेला ऱ हे समान मानावेत असा युनिकोडचा नियमही आहे. नियम असताना कार्यक्रम तो पाळत नसेल, तर सुधारणा कार्यक्रमात व्हायला हवी. शब्दांनी आपली लिपी का सोडावी?

आणि सुधारणा झालेली होती! नवी आवृत्ती दोन्ही नावे आधी एका रूपात आणते, मग ताडते. केवळ मी ती घेतली नव्हती. ‘चालते आहे ना, मग कशाला हात लावा’ हे आपले ब्रीद. मीही त्याच पंथाचा. अखेर सारी वही आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, मग अपडेट केले. दुसऱ्या दिवसापासून नवे ताट मांडणे बंद झाले.

पण आधीची पाने तशीच राहिली. शिवाय मोबाइलवरून आलेले ‘पऱ्हे’ वेगळेच उरले, कारण अदृश्य जोडचिन्हाची तऱ्हा युनिकोड उरलेल्या दोघींशी समान मानत नाही. इथे अपडेटची मात्रा चालत नाही. दुहेरी फाइली आपोआप पुसणारे कार्यक्रम मिळतात आणि त्यांतल्या ‘सर्वांत नवी ठेवा, बाकीच्या पुसा’ या सोयीवर अनेकांचा फार जीव. माझ्याकडे सर्वांत नवी तारीख होती ती कार्यक्रमाने रोज सकाळी चुकून लिहिलेल्या प्रतीवर. आत मजकूर जुनाच. ती सोय वापरली असती तर मोबाइलवरचे पान गेले असते.

त्या पानात काय होते? घरच्या पानात आजी सांगते, पऱ्हे मिरगात टाकायचे. शेतात धुऱ्यावर उभी असताना तिने सांगितले होते की तळ्याचे पाणी मिळत असेल तर रोहिणीतही टाकतात, पावसाची वाट पाहत नाहीत. वरवर दोन विधाने परस्परविरोधी. एकत्र ठेवली तर पाटाच्या पाण्याने नक्षत्र कसे मागे सरकवले ते कळते.

मराठी विभागात हे शिकवायला नको खरे तर. रामटेकच्या यात्रेला निघालेला हरिपाळदेव वाटेत ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंना भेटला आणि पुढे चक्रधर झाला, ही कथा ज्या ‘लीळाचरित्रा’त आहे, त्याची मूळ प्रत हरवली, शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली आणि तिचे निरनिराळे पाठ झाले, असे परंपरा सांगते. डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली त्याची आवृत्ती काढली ती पोथ्यांचे पाठ ताडून. सर्वांत नव्या तारखेची पोथी ठेवून बाकीच्या रद्दीत घालायचे त्यांच्या मनातही आले नसते. आपण मात्र घरच्या टिपणांच्या बाबतीत बिनदिक्कत तेच करतो.

‘पऱ्हे’चे आता एकच पान आहे. दोन्ही विधाने त्यात आहेत. एकापुढे ‘घरी’, दुसऱ्यापुढे ‘धुऱ्यावर’ अशी नोंद केली आहे. मोबाइलचा कळफलक बदलला. ‘धुऱ्यावरचे झाड’ या नावाची तीन पाने मात्र अजून ताडायची आहेत. दिवाळीच्या सुटीत बसेन म्हणतो.