सतरा रात्री जागणारी बाई

घरातली सगळी झोपली, ओटा पुसून झाला, विरजण लावलं, दाराला कडी घातली. आणि समजा, त्या रात्रीपासून तुम्हाला झोपेची गरजच उरली नाही, तर? थकवा नाही, डोळ्यांची आग नाही. रोज सात-आठ तास फक्त तुमचे. काय कराल हो त्यांचं?

हारुकी मुराकामी या जपानी लेखकाच्या ‘झोप’ या कथेत नेमकं हेच घडतं. कथा १९८९ची. जे रुबिन यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि १९९३मध्ये ती ‘द एलिफंट व्हॅनिशेस’ या संग्रहात आली. नायिका एका दातांच्या डॉक्टरची बायको. शाळेत जाणारा मुलगा, नीटनेटकं घर, तक्रारीला जागा नाही. एका रात्री भयंकर स्वप्न पडतं आणि झोप जाते ती जातेच. सलग सतरा दिवस!

मुराकामी म्हटलं की अनेकजणी बिचकतात. त्यांच्या एका कादंबरीत म्हातारा मांजरांशी बोलतो, आकाशातून मासे पडतात. ‘असं कुठं असतं का?’ म्हणून पुस्तक मिटलं जातं. पण मैत्रिणींनो, नागपंचमीची कहाणी ऐकताना आपण हा प्रश्न विचारतो का? माहेर नसलेल्या धाकट्या सुनेला न्यायला नाग मामाचं रूप घेऊन येतो. नाग माणूस कसा झाला, हे कुणी विचारत नाही. माहेर नसण्याचं दुःख मात्र प्रत्येकीला कळतं. मुराकामीही असेच वाचावेत. अशक्य गोष्ट मुकाट मान्य करायची आणि तिच्याआड कोणतं खरं दुखणं आहे, ते बघायचं.

इथलं दुखणं आपल्या ओळखीचं आहे. जागी राहून ही बाई करते काय, तर टॉलस्टॉयची ‘अॅना कॅरेनिना’ वाचते! शिकत असताना तिला वाचनाचं वेड होतं. लग्नानंतर ते कधी सुटलं, तिचं तिलाच कळलं नाही. जुन्या पुस्तकाच्या पानांत तिला चॉकलेटचे कण सापडतात. तिनं गोड खाल्लेलं नवऱ्याला आवडत नाही म्हणून घरात सहसा चॉकलेट येत नाही. ती जाऊन स्वतःसाठी विकत आणते आणि वाचता वाचता खाते. मूळ रशियन कादंबरी जपानी गृहिणीच्या हातात, आणि तिची गोष्ट आपल्या हातात. अनुवादाची ही केवढी मोठी कृपा!

दिवसा स्वयंपाक, बाजार, सगळं नेहमीसारखं चालू असतं. म्हणून घरात कुणालाच काही कळत नाही. आकाशातून मासे पडण्यापेक्षा मला हे जास्त भयंकर वाटतं. बाई सतरा दिवस झोपलेली नाही आणि डबा वेळेवर मिळतोय म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही!

शेवट मात्र सुखाचा नाही. रात्री एकटीच मोटार घेऊन बाहेर पडलेली असताना दोन सावल्या येऊन ती गाडी हलवू लागतात, आणि कथा तिथंच थांबते. लेखक अर्थ सांगत बसत नाही. मला त्यातून एक इशारा ऐकू येतो. स्वतःसाठीचा वेळ झोपेतून चोरायचा नसतो, तो दिवसातून मागून घ्यायचा असतो. सगळ्यांचं आटोपल्यावर रात्री अकराला पुस्तक उघडणं आणि दुसऱ्या पानावर डुलकी लागणं, याला वाचन म्हणत नाहीत.

दुपारचा किंवा संध्याकाळचा अर्धा तास घरच्यांना सांगून घ्या. ‘आई वाचतेय’ हे मुलांना दिसू द्या. चहा त्या दिवशी दुसऱ्या कुणी केला तर बिघडत नाही. वाचनालयात गेलात की पाककृती आणि चरित्रांच्या शेजारचं अनुवादाचं कपाटही उघडा. कुठल्या तरी परक्या देशातल्या बाईच्या पुस्तकात तुमच्याही चॉकलेटचे कण सापडतील.