रायपूरला आहे काय पाहायला?

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील मराठी घरात नागपूर-पुण्याकडचा पाहुणा आला, की पहिला दिवस गप्पांत जातो. दुसऱ्या दिवशी लग्न किंवा मुंज पार पडते, तिसऱ्या दिवशी बायकामंडळी कोशाच्या साड्या घ्यायला बाहेर पडतात आणि चौथ्या दिवशी पाहुणा गाडीत बसतो. निघता निघता तो विचारतो, ‘‘इथे पाहण्यासारखे काही आहे का हो?’’ यजमान जरा संकोचून म्हणतात, ‘‘तसे विशेष काही नाही.’’

हे उत्तर खोटेपणाने दिलेले नसते, सवयीने दिलेले असते. घरापासून दीड-दोन तासांवर असलेले देऊळ ‘कधीही पाहता येईल’ म्हणून राहून जाते आणि काशी-रामेश्वर मात्र पदरी पडलेले असते. म्हणूनच पुढच्या खेपेला पाहुण्याने तीन दिवस जास्त काढून यावे आणि यजमानांनाही बरोबर घेऊन निघावे.

सुरुवात दारापासूनच करता येते. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे वस्ती, मोहल्ला. तात्यापारा, ब्राह्मणपारा, कंकालीपारा ही सगळी जुन्या रायपूरची नावे. मराठी माणसाचा या मुलखाशी संबंध आला तो १७४१ साली, नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर इकडे चालून आले तेव्हा. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पण मराठी घरे राहिली, वाढली. तात्यापारा चौकातील शिवाजी महाराजांचा पुतळा या जुन्या नात्याची आठवण देत उभा आहे.

याच शहरात पंडित माधवराव सप्रे यांची कर्मभूमी होती. मातृभाषा मराठी असलेल्या या माणसाने १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. १९२६ मध्ये रायपूरलाच त्यांचे निधन झाले.

पहिला दिवस शहरासाठी ठेवावा. सकाळी बूढा तलावावर एक फेरी मारावी. पाण्याच्या मध्यभागी स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा आहे. १८७७ साली, चौदा वर्षांचा नरेंद्र वडिलांच्या कामामुळे सहकुटुंब रायपूरला आला आणि सुमारे दोन वर्षे इथे राहिला. तेव्हा रायपूरला रेल्वे नव्हती. शेवटचा मोठा पल्ला बैलगाडीने जंगलातून झाला. आज नागपूरहून पाच-सहा तासांत पोचणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगावे. तिथून दूधाधारी मठात जावे. केवळ दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदासांमुळे मठाला हे नाव मिळाले.

दुपारी महंत घासीदास स्मारक संग्रहालय पाहावे. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये ते उभारले. सध्याच्या इमारतीचे उद्‌घाटन १९५३ साली डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सोमवारी ते बंद असते. सिरपूरला सापडलेल्या ब्राँझच्या बौद्ध मूर्ती इथे आहेत. त्या आधी पाहिल्या, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या सिरपूरच्या सहलीत नुसती दगडविटांची भेट होत नाही, ओळखीच्या घरी गेल्यासारखे वाटते.

दुसरा दिवस राजिमचा. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. एकेकाळी अभनपूरवरून राजिमपर्यंत नॅरोगेजची छोटी गाडी धावत असे; रायपूरच्या जुन्या मंडळींपुढे तिचे नाव काढले, की आठवणी थांबत नाहीत. महानदी, पैरी आणि सोंढूर या तीन नद्यांचा इथे संगम होतो, म्हणून राजिमला छत्तीसगढचे प्रयाग म्हणतात. काठावर राजीवलोचनाचे, म्हणजे चतुर्भुज विष्णूचे प्राचीन देऊळ आहे. देवळातील एक शिलालेख जगपालाचा, ११४५ सालचा आहे. देऊळ मात्र त्याहून जुने आहे. संगमाच्या पात्रातच उंच जोत्यावर कुलेश्वर महादेव बसला आहे. हिवाळ्यात वाळूतून चालत त्याच्याकडे जाता येते; पावसाळ्यात चारी बाजूंनी पाणी असते. आता झुलता पूल झाल्यामुळे वयस्कर मंडळींचीही सोय झाली आहे.

राजिमची खरी गोष्ट तिच्या नावात आहे. राजिम नावाच्या एका तेलिणीला वाटेत एक शिळा सापडली. ती घरी ठेवल्यापासून तिचे तेलाचे भांडे रिकामे होईना. ती शिळा म्हणजे देवाची मूर्ती आहे, असे कळल्यावर राजाने ती देवळासाठी मागितली. तेलिणीने मोबदल्यात सोने मागितले नाही. देवाच्या नावाबरोबर आपले नाव राहावे एवढेच मागितले, असे सांगतात. आज गावाला राजाचे नाव नाही, तिचे आहे. देवळाच्या आवारात तेलिणीचेही छोटे देऊळ आहे.

परतताना चंपारण्याला जाता येते. पुष्टिमार्गाचे प्रवर्तक श्रीवल्लभाचार्य यांचा जन्म १४७९ मध्ये इथे झाला. काशीहून निघालेले त्यांचे आईवडील या रानात थांबले होते. आजही देवळाभोवतालच्या वनातील झाडे तोडत नाहीत. उन्हातून आलेल्या मुलांना ती सावली फार सुखाची वाटते.

तिसरा दिवस पूर्णपणे सिरपूरला द्यावा. रायपूरहून आरंगमार्गे महानदी ओलांडायची आणि पुढे कुहरी फाट्यावरून डावीकडे जंगलाच्या रस्त्याला लागायचे. अंतर सुमारे ८० किलोमीटर भरते. आज साध्या खेड्यासारखे दिसणारे हे गाव एके काळी श्रीपूर या नावाने दक्षिण कोसलची राजधानी होते. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग सातव्या शतकात कोसलच्या ज्या राजधानीत आला, ती हीच असे अनेक अभ्यासक मानतात.

इथले लक्ष्मण मंदिर विटांचे आहे. पुढचा मंडप पडला असून त्याच्या खांबांचे अवशेष तेवढे उरले आहेत. पण गाभारा आणि शिखर तेराशे वर्षे ऊनपाऊस सोसून उभे आहेत. विटांत कोरलेल्या खोट्या खिडक्या आणि नक्षी पाहताना ही वीट आहे, लाकूड नव्हे, असे मनाला पुन्हापुन्हा बजावावे लागते. दगडी दरवाजावर शेषशायी विष्णू आणि त्याचे अवतार आहेत. अवतार ओळखण्याची पैज लावली, तर मुले कंटाळत नाहीत.

हे देऊळ बांधले वासटा नावाच्या राणीने. मगधाच्या सूर्यवर्म्याची ही मुलगी इथल्या हर्षगुप्ताला दिलेली होती. पतीच्या निधनानंतर, मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन गादीवर असताना, तिने पतीच्या स्मरणार्थ हे विष्णूचे देऊळ उभारले. शहाजहानने ताजमहाल बांधला, त्याच्या हजार वर्षे आधीची ही गोष्ट.

राणी नुसती शोक करून थांबली नाही. देवळाच्या शिलालेखात तिने लावून दिलेली व्यवस्था नोंदली आहे. त्यासाठी गावे दिली आणि उत्पन्नाचे वाटे पाडले. अन्नछत्रासाठी, देवळातील सेवकांसाठी आणि मोडतोड झाल्यास दुरुस्तीसाठी अशी त्यात तरतूद आहे. ज्या ब्राह्मणांना वाटा दिला, त्यांच्या वारसांनाही अटी घातल्या. त्यांनी विद्या आणि अग्निहोत्र राखावे, जुगार व वेश्या यांच्या नादी लागू नये. नाहीतर त्यांच्या जागी दुसरा लायक माणूस घ्यावा, आणि तोही राजाच्या हुकुमाने नव्हे, बाकीच्यांच्या संमतीने. संसार सांभाळणाऱ्या कोणाही बाईला ही राणी आपल्यातलीच वाटेल.

बालार्जुनाने किमान ५७ वर्षे राज्य केले. आई विष्णुभक्त, तो स्वतः शैव आणि त्याच्याच काळात आनंदप्रभू नावाच्या भिक्षूने इथे बौद्ध विहार बांधला. हा विहार मातीतून बाहेर काढला तो एका मराठी पुरातत्त्वज्ञाने. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५३ ते १९५६ या काळात इथे उत्खनन केले. विहारातील बुद्धमूर्तीपुढे उभे राहताना तात्यापाऱ्यातल्या पाहुण्याला ही ओळख सांगायला हवी. पुढच्या उत्खननांत सुरंग टीला आणि आणखी विहार उजेडात आले. सुरंग टीला येथील उंच पायऱ्या काळानुसार वाकल्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच पाहावे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने सहलीला उत्तम. एप्रिल-मेमधले छत्तीसगढचे ऊन अजिबात झेपत नाही. सिरपूरला पाणी आणि डबा बरोबर असावा. तात्यापाऱ्यातून निघताना पोळी-भाजीबरोबर शेजारणीने दिलेला तांदळाचा फरा असेल तर फारच छान.

आणखी एक गोष्ट मात्र घरूनच ठरवून निघावी. जुन्या वास्तूंच्या भिंतीवर खिळ्याने आपले नाव कोरणारे लोक सगळीकडे असतात. वीट दगडासारखी सोसत नाही. एकदा कोर उडाली, की ती गेलीच. दुरुस्तीसाठी गावे तोडून देणाऱ्या राणीच्या देवळात जाताना मुलांना एवढेच सांगावे, की हात मागे बांधून पाहायचे. तिच्या व्यवस्थेतला आपल्या वाट्याला आलेला भाग एवढाच आहे.

मग चौथ्या दिवशी निघताना पाहुणा काही विचारत नाही. उलट यजमानच म्हणतात, ‘‘रतनपूर राहिले हं. पुढच्या वेळी तिकीट काढताना एक दिवस जास्तीचा ठेवा.’’