आधी घरातले मोजा, मग मदरबोर्ड



आजचा विषय बघून काही जणी म्हणतील, अक्कांना हे काय नवीन सुचले! पण संगणक घरातले कुणीही वापरो, तो बिघडला की पैसे घरखर्चाच्या वहीतूनच जातात. म्हणून तो विषय आपलाही आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. जुन्या संगणकाला नवा मदरबोर्ड घ्यायचा असेल तर दुकानात काय आहे ते बघून घेऊ नये, घरात काय आहे ते मोजून घ्यावा. हे मोजमाप नीट केले तर पुष्कळदा कळते की मदरबोर्डची वेळ अजून आलेलीच नाही.

माझ्या धाकट्या जावेचे उदाहरण देते, तिला विचारूनच लिहिते आहे. दीर गेल्यावर तिने पापड, सांडगे आणि बिनकांद्या-लसणाच्या चटण्यांचा व्यवसाय वाढवला. बिले, जीएसटी, गिऱ्हाइकांची यादी, सगळे २०१४ साली घेतलेल्या एकाच संगणकावर आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क आणि बिलांसाठी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तो सुरू व्हायला दहा मिनिटे घेऊ लागला. दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड बदलून टाका, सहा हजारांत काम होईल." तिच्याकडे भिशीचे पंधरा हजार होते. त्यातून तिला वाळवणासाठी जाळीची ट्रे-मांडणीही करायची होती. म्हणजे इकडे जास्त गेले की तिकडे कमी पडणार.

मदरबोर्ड म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगते. तो स्वयंपाकघरातला ओटा आहे. शेगडी, सिंक, मिक्सरचा प्लग, सगळे त्याच्या आधाराने असते. ओटा बदलायचा म्हटला की गॅसची नळी, नळाचे पाइप, फरशी, सगळ्याला हात लागतो. गवंडी फक्त ओट्याचा दर सांगतो, बाकीचा खर्च काम सुरू झाल्यावर कळतो.

इथेही तसेच होते. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एका कंपनीच्या मिक्सरचे भांडे दुसरीच्या बेसवर बसत नाही, तसा एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यावर बसत नाही. जावेचा प्रोसेसर एलजीए ११५० सॉकेटचा. आज दुकानात सहज मिळणारे इंटेलचे बोर्ड बहुतेक एलजीए १७०० चे, म्हणजे बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी. तेव्हा प्रोसेसर नवा घेणे आले. तिची रॅम डीडीआर३, नव्या बोर्डला डीडीआर४ किंवा डीडीआर५ लागते. रॅमच्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जुनी पट्टी बसवताच येत नाही. प्रोसेसरवरचा पंखासुद्धा बसत नाही, कारण एलजीए ११५० वर त्याच्या स्क्रूंच्या भोकांमधले अंतर ७५ मिमी होते, एलजीए १७०० वर ते ७८ मिमी आहे. आणि संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना बहुधा त्या मदरबोर्डलाच बांधलेला असतो. बोर्ड गेला की परवानाही गेला.

मी बी.कॉम. केलेली बाई. तिला म्हटले, सगळे लेखी कोटेशन आण. सहा हजारांचा बोर्ड प्रोसेसर, रॅम, एसएसडी धरून चोवीस हजारांच्या वर गेला. विंडोज त्यात धरलेच नव्हते. दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्याने ओट्याचा दर सांगितला, इतकेच.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: संगणक हळू झाला आहे की बंद पडला आहे? हळू झाला असेल तर दोष मदरबोर्डचा क्वचितच असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कपुढे सतत १०० टक्के दिसत असेल तर अडचण हार्ड डिस्कची. मेमरी ८०-९० टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडते आहे. दोन्ही गोष्टी आहे त्याच बोर्डवर बदलता येतात. फिरणाऱ्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी साटा जोडणीची एसएसडी लावली की जुन्या संगणकाचा वेग उघड वाढतो. आणि संगणक रोज तारीख-वेळ विसरत असेल, तर बहुतेक वेळा बोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. एवढ्यासाठी बोर्ड बदलला असे होऊ देऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, विंडोज १० तर बंद झाले ना? १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा पाठिंबा संपला हे खरे. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून चौथ्या पिढीचा संगणक अधिकृतपणे त्यात बसत नाही. पण घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. ज्यांचे काम फक्त ब्राउझर, पत्रे आणि व्हिडिओपुरते आहे त्यांना लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणालीही चालते. जावेचे बिलाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, म्हणून तिला तो मार्ग नव्हता. तरी घाईने नव्हे, विचाराने ठरवण्याइतका अवधी तिच्या हातात होता.

बोर्ड खरोखर गेला असेल, किंवा विंडोज ११ शिवाय चालणारच नसेल, तर मात्र निवड करावी लागते. तेव्हा मी हे मुद्दे वहीत लिहून दुकानात जाईन.

पहिला, रॅम. घरात डीडीआर४ ची पट्टी असेल तर डीडीआर४ चाच बोर्ड घ्यावा. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, म्हणून खोक्यावर नीट वाचावे. एएमडीचे एएम४ सॉकेट डीडीआर४ घेते, नवे एएम५ फक्त डीडीआर५. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत, तेव्हा हातातली चांगली पट्टी वाया घालवणे परवडणारे नाही.

दुसरा, दर्जा. घरकाम, हिशेब, मुलांचा अभ्यास यांना इंटेलचा एच६१० किंवा एएमडीचा ए५२० चिपसेट पुरतो. रंगीत दिवे आणि झेड अक्षराचे महाग बोर्ड ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांसाठी असतात. आपल्याला त्याचा उपयोग नाही.

तिसरा, चित्र. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात पडद्यावर चित्र देणारा भाग नसतो, वेगळे ग्राफिक कार्ड लागते. तो थोडा स्वस्त मिळतो आणि तिथेच फसगत होते. एएम४ मध्ये नावाशेवटी जी असलेला प्रोसेसर बघावा.

चौथा, बोर्डची मागची बाजू. जुन्या मॉनिटरला निळ्या टोकाची व्हीजीए केबल असते, ती जागा नव्या बोर्डवर आहे का? डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा रुंद पॅरलल पोर्ट आजच्या बोर्डवर बहुधा नसतो. यूएसबीतून जोडणारी केबल मिळते, पण आपल्या बिलाच्या सॉफ्टवेअरवर छपाई नीट येते का ते बघूनच पैसे द्यावेत.

पाचवा, डबा आणि वीज. मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ मिमी लांब-रुंद असतो आणि बहुतेक असेंबल केलेल्या कॅबिनेटमध्ये बसतो. नामांकित कंपनीचा तयार संगणक असेल तर त्याची पेटी आणि एसएमपीएस अनेकदा खास मापाचे असतात, त्यात बाहेरचा बोर्ड बसेलच असे नाही. दहा वर्षांचा एसएमपीएस नव्या बोर्डला जोडू नये. तो बिघडला तर बाकीचे भागही घेऊन जातो. काटकसर इथे नको.

सहावा, कागद. बोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते, तिच्यात आपला प्रोसेसर आणि लागणारी बायोसची आवृत्ती बघावी. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. त्याशिवाय वॉरंटीला अर्थ नाही. व्यवसाय नोंदणीकृत असेल आणि कंपोझिशन योजनेत नसेल, तर कामासाठी घेतलेल्या भागांवरच्या १८ टक्के कराची वजावटही मिळते.

"एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवाच घ्यावा," असे मुले म्हणतात. कधी कधी त्यांचे बरोबर असते. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस हे पाचही बदलायचे असतील, तर जुने म्हणून फक्त पत्र्याचा डबा उरतो. मग तो जुना संगणक सुधारला असे म्हणण्यात अर्थ नाही. अशा वेळी कार्यालयांतून निघालेला, आठव्या पिढीचा किंवा पुढचा, वॉरंटीसह मिळणारा रिफर्बिश्ड संगणक पुष्कळदा स्वस्त पडतो. पण जुना झाला म्हणजे निकामी झाला, हे मला पटत नाही. आयकराच्या हिशेबात संगणकावर ४० टक्के घसारा धरतात. त्या दराने ३५ हजारांचा संगणक दहा वर्षांत कागदावर जेमतेम २१२ रुपयांचा उरतो. जावेच्या व्यवसायाची सारी बिले मात्र त्या २१२ रुपयांच्या यंत्रावरच निघतात. कागदावरची किंमत आणि कामाची किंमत वेगळी असते.

शेवटी तिने काय केले? सगळा हिशेब आधी दोन पेनड्राइव्हवर उतरवला. बोर्ड तोच ठेवला. एसएसडी, रॅमची एक जुनी पण तपासलेली पट्टी आणि बॅटरी, चार हजारांच्या आत काम झाले. अपडेटची नोंदणी केली. वाळवणाची मांडणी आली, आणि उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या संगणकासाठी वेगळ्या खात्यात टाकले. तेव्हा घ्यायचा तो आठव्या पिढीपुढचा, हे आजच वहीत लिहून ठेवले आहे.

गरजेपुरते घ्यावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. परिग्रह फक्त साड्या आणि भांड्यांचा नसतो. फेकलेले बोर्ड कुठेतरी उघड्यावर जाळले जातात, त्यांतला धातू काढायला आम्लात बुडवले जातात, आणि ते पाणी माती-नाल्यांतल्या जिवांपर्यंत जाते. म्हणून जुना भाग निघालाच तर तो कचऱ्यात किंवा भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रावरच द्यावा.

आणि एक. "तुम्हाला त्यातले काय कळते" असे कुणी म्हणाले तर मनावर घेऊ नका. सोने घेताना आपण घडणावळ, घट, वजन, सगळे विचारतो. इथेही सॉकेट कोणते, रॅम कोणती, आणि सगळे धरून किती, एवढे तीन प्रश्न विचारले की समोरचा माणूस आपोआप नीट बोलू लागतो.

जय जिनेंद्र.