शिक्षकांचा मतदारसंघ आणि पालिकेची शाळा

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली यांपैकी कोणत्याही शहरातील एखाद्या वस्तीची मतदारयादी कोणी तयार केली याची चौकशी केली, तर घरोघर हिंडून ती तयार करणाऱ्यांत महापालिकेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षक हटकून सापडतो. शिक्षकांना शिक्षणेतर कामाला जुंपू नये असे सांगणाऱ्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेच, कलम २७ मध्ये, जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक असे तीन अपवाद ठेवले आहेत. तेव्हा दाराची कडी वाजवून नावे, वये आणि पत्ते टिपून घेणारे मास्तर आणि बाई हे आपल्या लोकशाहीचे नेहमीचेच दृश्य आहे. गंमत अशी, की हेच मास्तर आणि याच बाई शिक्षकांच्या निवडणुकीत मात्र मतदार नाहीत. कोकण विभाग शिक्षक मतदारसंघात ३० जानेवारी २०२३ रोजी मतदान झाले, तेव्हा माध्यमिक शाळांतील आणि महाविद्यालयांतील शिक्षकांना पसंतिक्रम लिहिण्याचा अधिकार होता. पहिलीच्या पोराला अक्षर गिरवायला लावणाऱ्या पालिका शिक्षकाचा त्या मतदानाशी काडीचाही संबंध नव्हता.

याचे कारण राज्यघटनेच्या १७१ व्या कलमात आहे. विधान परिषदेच्या सभासदांपैकी एक द्वादशांश सभासद शिक्षकांनी निवडावेत असे ते कलम म्हणते. ७८ जणांच्या महाराष्ट्र विधान परिषदेत अशा सात जागा आहेत. परंतु ‘शिक्षक’ म्हणजे कोण, तर माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाच्या नसलेल्या संस्थेत किमान तीन वर्षे शिकवणारा. घटना लिहिली गेली तेव्हा परिषद हे शहाण्यासुरत्यांचे सभागृह असावे अशी कल्पना होती, आणि प्राथमिक शिक्षक तेव्हाच्या शहाण्यांच्या व्याख्येत बसत नव्हता. व्हर्नाक्युलर फायनल होऊन खेड्यातल्या शाळेवर रुजू झालेल्या माणसाविषयीचा तो जुना समज आहे. आज ठाण्याच्या किंवा कल्याणच्या पालिका शाळेत पदविकाधारक, पदवीधर, द्विपदवीधर शिक्षक आहेत. पदवीधर मतदारसंघात त्यांना मत आहे. तेथे ते पदवीधर ठरतात. शिक्षक मतदारसंघात मात्र ते शिक्षक ठरत नाहीत.

मतदार कोण असावा याबाबत कायदा इतका काटेकोर आहे, पण उमेदवार कोण असावा याबाबत तितकाच सैल आहे. पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार स्वतः पदवीधर असण्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मद्रासच्या एका खटल्यात दिला. त्याच न्यायाने शिक्षक मतदारसंघाच्या उमेदवारालाही कधी खडू हाती धरलेला असावा लागत नाही. याचा फायदा काही चांगल्या माणसांनाही झाला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कपिल पाटील पत्रकारितेतून आले आणि २००६ पासून २०२४ पर्यंत मुंबईच्या शिक्षकांचे प्रतिनिधी राहिले; त्यांच्या कामाविषयी मतभेद असू शकतील, पण शिक्षक नसल्यामुळे ते निरुपयोगी ठरले असे त्यांचा विरोधकही म्हणणार नाही. तेव्हा आक्षेप उमेदवाराच्या पेशावर नाही. आक्षेप असा, की तो कोणापुढे मत मागायला जातो आणि निवडून आल्यावर कोण त्याला जाब विचारतो.

या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने करावी लागते. नमुना १९ भरायचा, आणि त्याला संस्थाप्रमुखाचा दाखला जोडायचा. म्हणजे मतदार होण्यासाठीही शिक्षकाला मुख्याध्यापकाची सही लागते, आणि खाजगी संस्थेत मुख्याध्यापकाच्या मागे संचालक मंडळ उभे असते. ज्याच्या संस्था अधिक त्याचे अर्ज अधिक, असे या निवडणुकीचे गणित होऊन बसते. प्रत्येक शिक्षक दबावाखाली मत देतो असा याचा अर्थ नाही. कोकणातील शिक्षकांनी २०१७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे बाळाराम पाटील यांना निवडून दिले आणि २०२३ मध्ये त्यांना बाजूला सारून भारतीय जनता पक्षाचे ज्ञानेश्वर म्हात्रे यांना निवडले. मतदार स्वतःचे मत बदलतो एवढे त्यावरून दिसते. पण दोन्ही वेळा प्रचाराचा भर होता तो जुनी पेन्शन आणि विनाअनुदानित तुकड्यांचे अनुदान यांवर. हे प्रश्न खरे आहेत. वर्षानुवर्षे बिनपगारी किंवा अर्धपगारी राबलेल्या शिक्षकाच्या मागणीला स्वार्थ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही वेतन आणि निवृत्तिवेतन यांच्या पलीकडे, दिव्यातल्या किंवा मुंब्र्यातल्या, कचोऱ्यातल्या किंवा नेतिवलीतल्या मुलाच्या शाळेचे काय झाले, हा प्रश्न या निवडणुकीत कोणी विचारतच नाही. तो विचारील असा मतदारच तिथे नाही.

आता निवृत्त मुख्याध्यापकाचा विचार करावा. तीस-पस्तीस वर्षे शिकवून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या, गावात मान असलेल्या, जुने विद्यार्थी ज्याला अजून वाकून नमस्कार करतात अशा माणसाला विधिमंडळात जावेसे वाटले तर त्यात काही वावगे नाही. पालिका शाळेतील शिक्षकाला सेवेत असताना उमेदवार होता येत नाही, त्यामुळे तो ‘माजी’ झाल्यावरच राजकारणात येऊ शकतो. एके काळी अशा माणसासाठी मधली एक पायरी होती. तिचे नाव महापालिकेचे शिक्षण मंडळ.

हे मंडळ ज्या कायद्याने चाले तो मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा १९४७ चा. बाळासाहेब खेर त्या वेळी मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. ज्या विधानसभेच्या काळात हा कायदा झाला, तिच्यात ताराबाई मोडक १९४६ पासून सभासद होत्या. आजच्या शिक्षक-उमेदवारांनी हे नाव एकदा तरी आठवावे. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्यपदाची नोकरी सोडून ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, ते वारली मुलांपर्यंत नेले. शाळेत न येणाऱ्या मुलाच्या अंगणात शाळा न्यायची, गुरे राखणाऱ्या मुलासाठी कुरणातच वर्ग भरवायचा, या कल्पना त्या कामातून आल्या. प्राथमिक शिक्षणाच्या व अभ्यासक्रमाच्या सरकारी समित्यांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. त्यांची आमदारकी १९५१ मध्ये संपली आणि त्या पुन्हा मुलांकडे परतल्या. बोर्डी आणि कोसबाड हे भाग २०१४ मध्ये पालघर जिल्ह्यात गेले. पण माजी शिक्षिकेने विधिमंडळात जाणे म्हणजे काय, याचा पहिला धडा ठाणे जिल्ह्यानेच पाहिला होता. त्यांची आमदारकी आज फारशा कोणाच्या लक्षात नाही. अंगणवाडी मात्र देशभर गेली.

१९४७ च्या कायद्यात एक शहाणपण होते. शहराच्या प्राथमिक शिक्षणाला स्वतःचे मंडळ, आणि नगरसेवक नसलेल्या माणसालाही त्यावर जागा. ठाणे महापालिका १९८२ मध्ये झाली, कल्याण-डोंबिवली १९८३ मध्ये. दोन्हीकडे ही मंडळे होती. निवृत्त मुख्याध्यापक मंडळावर जात. शाळेचे छप्पर गळते, शिक्षक कमी आहेत, उर्दू माध्यमाची पुस्तके आली नाहीत, अशा तक्रारी घेऊन पालक सभापतीच्या दाराशी जाऊ शकत. विधिमंडळात जाऊ इच्छिणाऱ्याला प्रशासन कसे चालते, पैसा कुठे अडतो, फाईल कोणत्या टेबलावर झोपते, याचे शिक्षण तिथेच मिळे.

अर्थात मंडळांचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. पुढे पुढे ती हरलेल्या किंवा तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्यांची सोय लावण्याची जागा झाली. गणवेश, दप्तरे, बूट आणि रेनकोट यांची खरेदी हा बैठकांतला सर्वांत जिव्हाळ्याचा विषय असे, आणि पावसाळा संपता संपता रेनकोट मिळालेल्या मुलांच्या कथा प्रत्येक शहरात ऐकू येत. २०१३ मध्ये राज्य सरकारने तो कायदा रद्द केला आणि चालू मंडळांची मुदत संपल्यावर ती इतिहासजमा झाली, तेव्हा कोणी अश्रू ढाळले नाहीत. पण रोग घालवण्याऐवजी रोगीच घालवला गेला. कारभार महापालिकेच्या आयुक्तांकडे आणि नगरसेवकांच्या समितीकडे गेला. कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याच्या नगरसेवकांची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही आणि प्रशासक राज्य करीत राहिले. म्हणजे या काळात गरिबाच्या मुलाच्या शाळेविषयी जाब देणारा एकही निवडून आलेला माणूस या दोन शहरांच्या पालिकांत नव्हता.

शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. ही तरतूद चांगली आहे. परंतु ही समिती एका शाळेपुरती. शहराच्या अंदाजपत्रकात शाळांना किती पैसा हवा, हे ती ठरवू शकत नाही. शिवाय विनाअनुदानित खाजगी शाळेला त्या कायद्याने या समितीतून वगळले आहे. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापुरात हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, ते दोन चिमुकल्या मुलींवर शाळेत झालेल्या अत्याचाराच्या संतापाने. त्या दिवशीच्या घोषणांत आणि दगडफेकीत काय बरे, काय वाईट होते, याची चर्चा पुष्कळ झाली. पालकाला आपले म्हणणे मांडायला रुळाखेरीज दुसरी जागा का उरली नव्हती, याची मात्र व्हावी तशी चर्चा झाली नाही.

या पार्श्वभूमीवर माजी शिक्षकाची उमेदवारी पाहावी लागते. ग. प्र. प्रधान वीस वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून १९६६ मध्ये पदवीधरांच्या मतांवर परिषदेत गेले आणि अठरा वर्षे तिथे राहिले, परिषदेतील विरोधी पक्षनेतेही झाले. त्यांच्या मतदारांत शिक्षक होते तसे कारकून होते, डॉक्टर होते, बँकेतले लोक होते. कोण्या एका संस्थेच्या दाखल्यावर त्यांची निवडणूक उभी नव्हती. कल्याणचे राम कापसे हे मराठीचे प्राध्यापक. त्यांचा जनसंघ-भाजपचा विचार समाजवाद्यांना कधीच पटला नाही, पटण्यासारखाही नव्हता. पण ते कल्याणच्या सर्वसाधारण मतदारांपुढे उभे राहून विधानसभेत गेले आणि १९८९ व १९९१ मध्ये ठाण्यातून लोकसभेत. चाळीतल्या बाईला, गिरणीतल्या, कारखान्यातल्या कामगाराला, लोकलला लोंबकळणाऱ्या चाकरमान्याला त्यांना मत मागावे लागले. प्राध्यापकाला ‘सर’ म्हणणाराही मतदानाच्या दिवशी त्याचा परीक्षक होतो, ही शिस्त शिक्षक मतदारसंघात लागत नाही.

म्हणून ज्या निवृत्त मुख्याध्यापकाला किंवा माजी मंडळ-सदस्याला शिक्षणासाठीच विधिमंडळात जायचे असेल, त्याने कल्याण पूर्व, डोंबिवली, मुंब्रा-कळवा अशा मतदारसंघात पालकापुढे उभे राहावे, हे अधिक सचोटीचे. तिथे पैशाचा पूर आहे, जातीची गणिते आहेत, अनामत जाण्याचा धोका आहे, हे सर्व खरे. पण तिथल्या झोपडपट्टीतील बाई विचारील, की शाळेत सातवीनंतर वर्ग का नाही, मुलींचे स्वच्छतागृह बंद का आहे. या प्रश्नाचे उत्तर देणे हीच त्याच्या तीस वर्षांच्या नोकरीची खरी कसोटी ठरेल.

आणि शिक्षक मतदारसंघाचे काय? तो ठेवायचा असेल तर तो सर्व शिक्षकांचा असला पाहिजे: पालिकेचे, जिल्हा परिषदेचे, बालवाडीचे आणि अंगणवाडीचेसुद्धा. तसे करायचे नसेल तर तो बंद करावा. ‘घटनादुरुस्ती करावी लागेल, ती कोण करणार’ असे म्हणून हा प्रश्न टाळला जातो. वस्तुतः १७१ व्या कलमाच्या दुसऱ्याच पोटकलमात लिहिले आहे, की परिषदेची ही रचना संसदेने कायद्याने अन्यथा ठरवीपर्यंतच आहे. दोन्ही सभागृहांत साध्या बहुमताने संमत होणारा एक कायदा पुरे आहे. ठाणे, कल्याण आणि भिवंडी येथून लोकसभेत जाणाऱ्या तीन खासदारांना हे पोटकलम दाखवून, त्याविषयी खाजगी विधेयक मांडणार का, असे शिक्षक संघटनांनी लेखी विचारावे. शिक्षक मतदारसंघाची पुढची निवडणूक २०२९ च्या आरंभी यायची आहे.