विश्लेषण : सिंगापूरची नोकरी पुणेकरांना खरेच किती परवडते?

हिंजवडी किंवा खराडीत काम करणाऱ्या तिशीतल्या अभियंत्याला सिंगापूरहून महिना ८ हजार डॉलरची नोकरी चालून आली, की घरात पहिला हिशेब रुपयांत होतो. एका सिंगापूर डॉलरला ६५ रुपये धरले, तरी ही रक्कम पाच लाखांच्या वर जाते. प्राप्तिकर कमी, भारताशी वेळेचा फरक अडीच तासांचा आणि सणावारांना महाराष्ट्र मंडळही आहे. मग अडचण कुठे येते?

कर खरेच इतका कमी आहे?

हो. वर्षाला ९६ हजार डॉलर कमावणाऱ्या निवासी करदात्याला साधारण ५ हजार डॉलर कर बसतो, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के. मात्र हा कर दरमहा पगारातून कापला जात नाही. वर्षभराचा हिशेब होऊन पुढच्या वर्षी एकदम मागणी येते. पहिल्या वर्षी हातात येणारा पूर्ण पगार खर्चाच्या सवयी लावतो आणि मग बिल येते. शिवाय १ जानेवारी २०२४ पासून वस्तू व सेवा कर ९ टक्के झाला आहे.

निवृत्तीची बचत कोण करते?

सिंगापूरच्या भविष्य निर्वाह निधीत ५५ वर्षांपर्यंतचा कर्मचारी पगाराच्या २० टक्के आणि मालक १७ टक्के भरतो. पण हे नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी. ‘एम्प्लॉयमेंट पास’वर आलेल्या परदेशी व्यक्तीला हा निधी लागू नाही. त्यामुळे पगार हातात जास्त येतो, पण मालकाचा वाटा मिळत नाही. पुण्यातली नोकरी सोडल्यावर तिथल्या पीएफमध्ये पडणारी भरही थांबते. सक्तीची आरोग्य विमा योजनाही नागरिक आणि कायम रहिवाशांपुरतीच आहे. विमा कंपनीने दिला तर ठीक, नाही तर स्वतःच घ्यायचा.

जोडीदाराच्या पगाराचे काय?

पुण्यातल्या अनेक घरांचे गृहकर्ज दोन पगारांवर चालते. पती किंवा पत्नीला सोबत नेण्यासाठी किमान ६ हजार डॉलर पगाराची अट आहे. पण १ मे २०२१ पासून अशा जोडीदाराला नोकरी करायची तर स्वतःचा कामाचा परवाना लागतो. तो मिळेपर्यंत पुण्यातला हप्ता आणि सिंगापूरचे घरभाडे एकाच पगारातून जाते. तुलना करायची तर एका पगाराची दोन पगारांशी करायला हवी.

परवाना किती भरवशाचा?

१ जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जांसाठी किमान पगार ५,६०० डॉलर आहे, वित्तक्षेत्रात ६,२०० डॉलर. ही अट वयाबरोबर वाढत पंचेचाळिशीत १०,७०० डॉलरवर जाते. म्हणजे तिशीत पुरेसा ठरणारा ८ हजारांचा पगार चाळिशीत परवान्यालाही पुरत नाही. नूतनीकरणालाही पगाराची अट असतेच. पहिला परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो.

सप्टेंबर २०२३ पासून ‘कंपास’ ही गुणपद्धतीही आली. पगार, शिक्षण, कंपनीतले राष्ट्रीयत्वांचे वैविध्य आणि स्थानिकांना दिलेला रोजगार यांवरून ४० गुण मिळवावे लागतात. कंपनीच्या व्यावसायिक कर्मचाऱ्यांत अर्जदाराच्याच देशाचे लोक २५ टक्के किंवा अधिक असतील, तर वैविध्याचे गुण शून्य. भारतीयांचा भरणा असलेल्या आयटी कंपन्यांत नेमके हेच आडवे येऊ शकते आणि त्यात उमेदवाराच्या हातात काहीच नसते.

नोकरी गेली तर?

परवाना रद्द झाल्यावर साधारण ३० दिवस राहण्याची मुभा मिळते. कराचा हिशेब पूर्ण होईपर्यंत शेवटचा पगार कंपनीने रोखून ठेवायचा असतो. घराचा करार अनेकदा दोन वर्षांचा असतो आणि अनामत अडकलेली असते. म्हणजे मुलांची शाळा, घर आणि सामान यांचा निकाल महिन्याभरात लावायचा, तोही हातात पगार नसताना. घर विकत घेणे हा पर्यायही जवळपास बंद आहे. २७ एप्रिल २०२३ पासून परदेशी खरेदीदाराला ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क भरावे लागते.

मग जावे की नाही?

नव्या अनुभवासाठी आणि शिस्तीने बचत करणाऱ्यासाठी सिंगापूर आजही चांगली संधी आहे. पण कमी कर ही निव्वळ सवलत नाही. निवृत्ती, आजारपण आणि बेकारी यांची जोखीम तिथे परदेशी माणूस स्वतः उचलतो. सही करण्याआधी घरभाडे, कर आणि विमा वजा करावा, निवृत्तीसाठी पगाराचा ठरावीक भाग बाजूला काढावा आणि सहा महिन्यांचा खर्च भारतात वेगळा ठेवता येतो का, ते पाहावे. त्यानंतर उरणारी रक्कम पुण्यातल्या दोघांच्या बचतीपेक्षा जास्त असेल, तरच तो पगार खऱ्या अर्थाने मोठा.